क्रूझवर रात्रीच्या जेवणाला पुरुषांनी घालायचं काय? सूटच लागतोय का बंदगळा चालेल?

पंचगंगा_घाट

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा लांबलाय पण ज्यांनी क्रूझ केलीय त्यांनी जरूर सांगा. मे महिन्यात मी शाळेतनं रिटायर झालो, 31 वर्षं गणित शिकवलं. त्याची भेट म्हणून लेकीनं आणि जावयांनी ऑक्टोबरमधे आम्हा दोघांना क्रूझवर न्यायचं ठरवलंय, ते दोघंही सोबत आहेत. 7 रात्री, बार्सिलोनातनं निघायचं, मार्सेय करून इटलीची तीन बंदरं आणि परत बार्सिलोना. तिकिटं झालीत, व्हिसाचं चाललंय, ते सगळं पोरं बघताहेत. माझं अडलंय ते कपड्यांवर.

कागदात लिहिलंय की रात्रीच्या जेवणाला दोन रात्री 'फॉर्मल' आणि बाकी रात्री 'स्मार्ट कॅज्युअल'. माझी सगळी नोकरी हाफ शर्ट आणि पँटमधे गेली, सणासुदीला सदरा-लेंगा, लग्नकार्यात त्यावर जाकीट. कोट एकच, स्वतःच्या लग्नातला, 1993 चा, तो आता अंगाला येत नाही. गावातल्याच एका शोरूममधे विचारलं तर 22 हजाराचा सूट काढून दाखवला, टाय आणि बूट वेगळे, आणि वर म्हणाला सर याच्याशिवाय बोटीवर जेवायला आतच घेत नाहीत.

पैशापेक्षा मला ते 'आतच घेत नाहीत' जास्त लागलं. 2009 साली भाचीच्या लग्नाच्या जेवणाला मुंबईत एका मोठ्या क्लबात गेलो होतो, पांढरा सदरा-लेंगा, इस्त्री कडक, पायात नवी कोल्हापुरी. दारातच थांबवलं, हे चालत नाही म्हणाले. घरची सगळी आत गेलेली आणि मी बाहेर खुर्चीवर वीस मिनिटं, शेवटी मेव्हण्यानं आतनं कुणाचे तरी बूट आणले ते घालून आत गेलो. लेक तेव्हा अकरा वर्षांची होती, तिच्या अजून लक्षात आहे. तसं तिच्यासमोर परत घडू नये एवढंच मला वाटतंय.

तर विचारायचं असं की सूट-टाय सक्तीचा असतो का, बंदगळा शिवला तर चालतो का, कोल्हापुरी घालून जेवायला जाता येतं का, आणि फेट्याचं काय? जावई म्हणतात बाबा फेटा बांधूया दोघंही.

बोटीवर_9_वर्षं

नमस्कार सर. मी गडहिंग्लजकडचा, 9 वर्षं बोटीवर डायनिंग रूमलाच होतो, आधी असिस्टंट वेटर मग वेटर, आता गावाकडं आलोय कायमचा. तुम्ही पहिल्यांदा त्या शोरूमवाल्याचं बोलणं डोक्यातनं काढून टाका.

बोटीवर जेवायच्या जागा बऱ्याच असतात. वरच्या डेकवर बफे, तिथं ड्रेसकोड जवळजवळ नसतोच, फक्त पोहायच्या ओल्या कपड्यात किंवा अनवाणी येऊ नका एवढंच. आणि खाली मेन डायनिंग रूम, टेबलावर चादर, मेनू कार्ड, वेटर आणून वाढतो, तुम्ही म्हणताय तो नियम तिथला. तिथं दारात हेड वेटर उभा असायचा आणि आमची नजर जायची हाफ पँट, बनियनसारखे बिनबाह्यांचे टी-शर्ट, स्विमिंगचे कपडे, रबरी स्लीपर आणि क्रिकेटवाल्यांसारखी टोपी यांच्यावर. सांगायला लागायचं ते यांनाच, आणि तेही बाजूला घेऊन हळू आवाजात, की सर रूमवर जाऊन बदलून या, टेबल ठेवतो. फुल पँट, कॉलरचा शर्ट, बंद बूट असलेल्या माणसाला मी 9 वर्षांत एकदाही परत पाठवलेलं बघितलं नाही, फॉर्मल रात्रीसुद्धा. मी ज्या बोटींवर होतो तिथलं सांगतोय.

कंपनी-कंपनीत फरक मात्र मोठा असतो. क्युनार्ड म्हणून इंग्लिश कंपनी आहे, क्वीन मेरी 2 वाली, तिथं गाला रात्रीला डिनर जॅकेट किंवा गडद सूट लागतोच, संध्याकाळी सहानंतर सगळ्या बोटीचं वातावरणच बदलतं, लोक त्याचसाठी तिथं येतात. दुसरीकडं नॉर्वेजियनसारखी कंपनी, त्यांनी फॉर्मलची सक्तीच ठेवलेली नाही. बाकीच्या बहुतेक या दोघांच्या मधे. म्हणून लेकीला सांगा कंपनीच्या साइटवरचं ड्रेसकोडचं पान एकदा नीट वाचून घे, आणि बोटीवर रोज संध्याकाळी रूममधे दुसऱ्या दिवसाचं पत्रक येतं किंवा ॲपवर दिसतं, त्यात 'आजचा पोशाख' लिहिलेलाच असतो.

बंदगळ्याचं म्हणाल तर बिनधास्त. आपापल्या देशाचा फॉर्मल पोशाख हा बोटीवर फॉर्मलच धरतात, क्युनार्डसारख्या कडक ठिकाणी पण. स्कॉटलंडची माणसं घागऱ्यासारखा किल्ट घालून येतात, त्यांना कोणी पँट घाला म्हणत नाही. बंदगळ्याला टायही लागत नाही. माझ्या टेबलावर एकदा जोधपूरकडचे आजोबा होते, काळा बंदगळा, पांढरा शर्ट, बास. त्या रात्री आसपासच्या चार टेबलांवरनं लोक उठून त्यांच्यासोबत फोटो काढायला आले होते.

राजारामपुरीची_सून

काका, आम्ही दोघं सिंगापूरहून निघणारी क्रूझ केली, पेनांग-फुकेत वाली, त्यात शिकले ते सांगते कारण बॅग भरायचं काम शेवटी आमच्याच गळ्यात येतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रूममधे इस्त्री नेता येत नाही. आगीच्या भीतीनं बोटीवर इस्त्री आणि स्टीमर दोन्ही काढून घेतात, बॅग स्कॅन होते तेव्हाच. काही बोटींवर लॉन्ड्री रूम असते तिथं इस्त्रीची सोय असते, नाहीतर प्रेस करायला द्यायचं आणि पैसे मोजायचे. आम्हाला माहिती नव्हतं, ह्यांचे तीन कॉटनचे शर्ट बॅगेतनं निघाले ते चुरगाळूनच. मग गरम पाण्याचा शॉवर सोडून बाथरूमचं दार लावून शर्ट हँगरवर अर्धा तास टांगले, बऱ्यापैकी सरळ झाले. तुम्ही निव्वळ कॉटन आणि लिनन घेऊच नका, थोडं मिक्स कापड घ्या.

दुसरं, मोठ्या बॅगा बंदरावरच जमा करून घेतात त्या रूमवर यायला संध्याकाळ होते, कधी जेवणानंतर येतात. म्हणून पहिल्या रात्री फॉर्मल ठेवत नाहीत. पण एक बरा शर्ट आणि पँट हातातल्या बॅगेत ठेवाच, आम्ही प्रवासातल्या कपड्यांवरच जेवायला बसलो आणि मला फार अवघडल्यासारखं झालं. शेवटच्या रात्रीचंही तसंच, बॅगा रात्रीच बाहेर ठेवायला सांगतात, तर सकाळी उतरताना घालायचे कपडे चुकूनही त्यात भरू नका. आमच्या शेजारच्या रूममधल्या एका गृहस्थांनी भरले होते आणि ते नाइट ड्रेसवर उतरले बिचारे.

तिसरं म्हणजे एसी. डायनिंग रूम इतकी गार असते की दीड-दोन तास नुसत्या शर्टावर बसवत नाही. त्यामुळं जाकीट किंवा बंदगळा असला की ड्रेसकोडसाठी नसला तरी थंडीसाठी उपयोगी पडतोच.

7 रात्रींना माझ्या हिशेबानं दोन गडद पँटी, चार फुल बाह्यांचे शर्ट, एक जाकीट आणि एक बंदगळा, एवढ्यात सगळं बसतं. तोच शर्ट तिसऱ्या रात्री परत घातला तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

तांबडा_पांढरा

भावांनो मला एक कळंना, सुट्टीला चाललोय का परीक्षेला? माझं स्पष्ट मत हाय, सरांनी बफेत जेवावं आणि मोकळं व्हावं. मी गोव्याच्या बोटीवर दोन रात्री होतो मुंबईहून, टी-शर्ट आणि जीन्सवर सगळं झालं, कोण बघत नव्हतं. एवढा शिलाईचा खर्च करायचा, तेवढ्या पैशात तिकडं काहीतरी बघून होतंय की. आणि सरांनी आयुष्यभर जे घातलंय तेच घालून ताठ मानेनं जावं असं मला मनापासून वाटतंय.

बोटीवर_9_वर्षं

भावा तुझं म्हणणं पटतंय पण अर्धंच. गोव्याची दोन रात्रीची ट्रिप आणि भूमध्यातली सात रात्रीची यात फरक आहे, छोट्या ट्रिपला लोक पार्टीच्या मूडनं येतात. आणि बफेत जेवायचं तर ताट घेऊन फिरायचं, जागा शोधायची, चौघांना एकत्र टेबल मिळेलच असं नाही. डायनिंग रूममधे रोज तुमचं ठरलेलं टेबल मिळू शकतं, तोच वेटर रोज, दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला पाठ होतं की सरांना तिखट लागतं, मॅडम अंडं खात नाहीत. शाकाहारी असाल तर आदल्या रात्रीच सांगून ठेवायचं, किचनमधे भारतीय आचारी असला तर डाळ-भाजी करून देतात. तिकिटात हे धरलेलंच आहे, वेगळे पैसे नाहीत. मी ते काम केलंय म्हणून सांगतो, सात रात्रीतल्या सगळ्यात चांगल्या गप्पा त्या टेबलावर होतात, घरातली माणसं मोबाइल बाजूला ठेवून दोन-दोन तास बसलेली मी रोज बघायचो. सरांनी ते चुकवू नये.

पंचगंगा_घाट

सगळ्यांचे आभार, फार हलकं वाटलं. तांबडा_पांढरा, तुमची तळमळ कळली, पण 9 वर्षंवाले म्हणतात ते टेबलाचं ऐकून मंडळींनी घरात निकालच दिला की रोज खालीच जेवायचं.

आता बंदगळा नक्की. पण इथं दुकानात रेडिमेड बघितले तर सगळे नवरदेवाचे, मरून रंग, छातीवर जरी, चमकणारी बटणं. साधा शिवून घ्यायचा तर कापड कोणतं, किती लागतं, आणि या पावसात शिवलेला ऑक्टोबरपर्यंत नीट राहील का? मागच्या पावसाळ्यात कपाटातल्या जाकिटाला बुरशी आली होती.

सुई_दोरा

सर, मी शिवणकामातलाच, मंगळवार पेठेत वडिलांपासनं दुकान आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो, घाईत वाचू नका.

रंग नेव्ही ब्लू किंवा काळा. मी नेव्ही म्हणीन, कारण काळ्यावर सफेद धागा न् धागा दिसतो आणि प्रवासात ब्रश मारत बसायला लागतं. चमक नको, जरी नको, बटणं कापडाचीच मढवलेली किंवा साधी शिंगाच्या रंगाची. कापड टेरीवूल घ्या, म्हणजे लोकर आणि पॉलिस्टर मिक्स, मध्यम वजनाचं. त्याचा गुण असा की बॅगेतनं काढून रात्रभर हँगरला टांगलं की सुरकुत्या बऱ्याचशा आपोआप जातात, ताईंनी इस्त्रीचं सांगितलं त्याला हेच उत्तर आहे. 58 इंची पन्ह्यात कोटाला साधारण दोन-सव्वादोन मीटर आणि पँटला सव्वा मीटर लागतं, तुमची उंची-पोट बघून थोडं इकडंतिकडं. पँट त्याच कापडाची केली तर पूर्ण पोशाख होतो, आणि तीच पँट बाकीच्या रात्री नुसत्या शर्टावर चालते. राखाडी पँट वेगळी असेल तर बंदगळा तिच्यावरही दिसतो, म्हणजे दोन फॉर्मल रात्री दोन वेगळे पोशाख झाले.

आता आतली गोष्ट. बंदगळा उभा राहतो तो कॉलर आणि छातीतल्या कॅनव्हासवर, म्हणजे आत शिवलेल्या ताठ कापडाच्या थरावर. स्वस्तात शिवणारे तिथं नुसतं फ्यूजिंग, म्हणजे गोंदाचं अस्तर, इस्त्रीनं चिकटवतात, दमट हवेत नाहीतर दोन-तीन ड्रायक्लीनला ते सुटतं आणि छातीवर फुगे येतात. कोल्हापूरचा पाऊस म्हणजे त्याला निमित्तच. शिवायला टाकताना तोंडानं विचारा की छातीला कॅनव्हास घालणार का, आणि उत्तर टाळलं तर दुसरं दुकान बघा. बुरशीचं म्हणाल तर प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नका, सुती कव्हरात ठेवा आणि ऊन पडलं की तासभर खिडकीपाशी हवेला टांगा, कडक उन्हात नको.

गळ्याचं माप घेताना लोक ताठ उभे राहतात, श्वास रोखून, मग शिवून आला की जेवताना गळा आवळतो. हुक लावल्यावर आत एक बोट आरामात फिरलं पाहिजे. ट्रायलला आलात की खुर्चीवर बसा, हात पुढं करा, घास घेतल्यासारखं तोंडाजवळ न्या. काखेत ओढतंय का, पाठीवर ताणतंय का ते तिथंच कळतं. हा कोट तुम्ही उभ्यानं मिरवायला कमी आणि बसून जेवायलाच जास्त घालणार, तर बसूनच बघितला पाहिजे.

आत पांढरा शर्ट, उभ्या पट्टीच्या कॉलरचा, म्हणजे दोन कॉलर एकावर एक येत नाहीत. कफ अर्धा इंच बाहेर दिसला की पुरे.

पन्हाळा_पायवाट

चपलेबद्दल कोणीच बोललं नाही अजून म्हणून लिहितो. कोल्हापुरी जरूर न्या पण जेवायला नको. बऱ्याच बोटींवर पुरुषांना रात्री उघडी बोटं चालत नाहीत, आणि ते आपल्या चपलेबद्दल म्हणून नसतं, हजारो रुपयांच्या इटालियन सँडललाही तोच नियम. वाईट मलाही वाटतं, कारण 2025 च्या जूनमधे तिकडं मिलानला प्रादा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमधे थेट कोल्हापुरीच्या घाटाची चप्पल रॅम्पवर आली आणि केवढा गदारोळ झाला, आपल्या चप्पल लाईनीत तेव्हा तोच विषय होता. बंदरावर उतरून गाव फिरताना घाला, लोक विचारतील कुठली म्हणून. फक्त ओल्या डेकवर जपून, चामड्याचा तळ पाण्यावर सटकतो.

बूट काळे, साधे, आणि आत्ताच घ्या. नवीन कोल्हापुरीला जसं तेल लावून आठ-पंधरा दिवस घरात वापरून मऊ करतो तसंच बुटाचं आहे, रोज अर्धा तास घरात घाला.

जुना_राजवाडा

सर, तुमच्या इटलीच्या तीन बंदरांत लिव्होर्नो आहे का बघा. असेल तर माझं हे नक्की वाचा.

लिव्होर्नोहून बोटीवाले फ्लॉरेन्सची सहल काढतात, बसनं दीड तासाच्या आसपास. फ्लॉरेन्समधे आर्नो नदीच्या काठाला कॅशिने नावाची मोठी बाग आहे, तिच्या पार पश्चिम टोकाला जिथं मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते तिथं आपल्या कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री आहे. शाहू महाराजांच्या आधीचे, दुसरे राजाराम. 1870 साली इंग्लंडला गेले होते, परत येताना फ्लॉरेन्समधे 30 नोव्हेंबर 1870 ला वारले, वय अवघं वीस. आपल्या रिवाजाप्रमाणं तिथंच संगमावर दहन झालं. 1874 मधे छत्री उभी राहिली, आराखडा मेजर मांटचा, म्हणजे आपला नवा राजवाडा ज्यानं रेखला तोच. छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा आहे, डोक्यावर पगडी, गळ्यात दागिने, रंगवलेला. जवळच्या पुलाला इटालियन लोक 'त्या भारतीयाचा पूल' अशा अर्थाच्या नावानं ओळखतात.

मी तिथं उभा राहिलो तेव्हा डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. सहलीच्या बसचा थांबा तिथं नसतो, बाग लांबलचक आहे, तर आपली वेगळी टॅक्सी करून जायला लागेल आणि बोट सुटायच्या वेळेचा हिशेब आधी करून ठेवा. तुम्ही विचारलंत ना फेट्याचं काय, दीडशे वर्षं होऊन गेली, पगडी घातलेला कोल्हापूरचा माणूस इटलीत नदीकाठी बसलाय. तुम्ही आणि जावई खुशाल बांधा फेटा.

बोटीवर_9_वर्षं

हे मलाच माहिती नव्हतं, लिव्होर्नोला मी कमीत कमी तीस वेळा लागलो असेन. आता हळहळ वाटतेय.

फेट्याला बोटीवर अडचण नाही, टोपी काढा म्हणतात ते बेसबॉल कॅपला, पोशाखाचा भाग असलेल्या पगडी-फेट्याला नाही. शीख पाहुणे रोज पगडीत यायचे. एक करा, कॅप्टनच्या स्वागताची जी फॉर्मल रात्र असते, बहुतेक दुसऱ्या दिवशी, त्या रात्री बांधा. जिन्यापाशी फोटोग्राफर उभे असतात. तेवढा बांधून देणारा माणूस तिकडं मिळणार नाही, जावयांना इथंच शिकून घ्यायला सांगा.

राजारामपुरीची_सून

आणि काका फेट्याचं कापड गुंडाळून बुटात भरा, जागा वाचते आणि बूटही चेपत नाहीत. बंदगळा भरताना उलटा करून एक खांदा दुसऱ्यात घाला, म्हणजे अस्तर बाहेर येतं, मग मधे एक टॉवेल ठेवून एकच घडी. मी ह्यांचा कोट असाच नेला, पोचल्यावर टांगला की झालं.

पंचगंगा_घाट

लिव्होर्नो आहे! चौथ्या दिवशी, सकाळी 7 ते संध्याकाळी 7. हे वाचून दाखवलं तर घरात सगळेच गप्प झाले. लेकीनं लगेच बसची सहल रद्द करून टाकली, टॅक्सीनं जायचं ठरलंय, आणि जाताना अंबाबाईच्या देवळातलं कुंकू सोबत न्यायचं हिनं ठरवलंय. त्या दिवशी मी सदरा-लेंगा आणि कोल्हापुरीच घालणार, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

बाकी उद्या महाद्वार रोडला कापड बघायला जातोय, नेव्ही टेरीवूल, सव्वातीन-साडेतीन मीटर. सुई_दोरा, माप द्यायला तुमच्याकडंच यायचा विचार आहे, दुकान कसं शोधायचं ते निरोपात कळवा. गणपतीच्या आधी ट्रायल होईल का?

सुई_दोरा

होईल सर, निरोप टाकलाय. कापड घेतल्यावर एक रात्र पाण्यात घालू नका, टेरीवूलला दुकानात स्पंजिंग करून घेतो आम्ही, म्हणजे ओलसर वाफ देऊन कापड आधीच आटवून घेतो. आणि मापाला येताना ते काळे बूट पायात घालूनच या, चप्पल घालून आलात तर पँटची उंची चुकते.